पाळी जाताना आपला त्रास नेमका कशाने वाढतो, ते वही ठेवून कसं शोधायचं

सगळ्यात आधी एक वही घ्या. पोरांची जुनी, मागची पानं कोरी राहिलेली असली तरी चालेल. मोबाईलमध्ये ॲप असतात, पण मी वहीच म्हणेन, कारण रात्री अडीचला घामाने जाग आल्यावर मोबाईल हातात घेतला की झोप गेलीच म्हणून समजा. वही-पेन उशाशी असलं की दोन शब्द खरडून परत आडवं होता येतं.

वही कशाला ते सांगते. आमच्या एकाच घरात तीन बायकांची पाळी तीन तऱ्हेने गेली. सासूबाईंना विचारलं तर म्हणतात, "अगं वर्षभर आली नाही तेव्हा कळलं गेली म्हणून, बरं झालं, सुटले." मोठ्या जाऊबाईंची पिशवी, म्हणजे गर्भाशय, अडतिसाव्या वर्षी काढली, तिथून पुढं सहा-सात वर्षं त्यांनी जे सोसलं ते मी डोळ्यांनी बघितलंय, डिसेंबरात पंखा लावून बसायच्या आणि घरातली माणसं हसायची. आणि मी, माझं सेहेचाळिसाव्या वर्षी सुरू झालं, आता पन्नास पूर्ण झाली, मधली दोन वर्षं शाळेत शिकवताना फळ्याकडं तोंड करून घाम पुसण्यात गेली. घर एक, जेवण एक, मग एवढा फरक कुठून आला? हार्मोन तर तिघींचेही कमीच झाले. फरक त्याच्या भोवतीच्या गोष्टींचा असतो. झोप किती, अंगात रक्त किती, ऑपरेशन झालंय का, वजन, तंबाखू, स्वयंपाकघराला खिडकी आहे का, घरात ऐकून घेणारं कुणी आहे का. हार्मोन आपल्या हातात नाहीत पण यातलं बरंच काही आहे, आणि कुठलं आपल्याला लागू पडतं ते वही दाखवते. "वय झालंय, होणारच" म्हणून अंगावर काढू नका गं, कृपा करून.

आपण कुठवर आलोय

भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीच्या पहिल्या दिवसाला गोल करायची सवय असेल तर मागचे सहा-आठ महिने काढून बघा. एका महिन्यात २६ दिवसांनी, पुढच्या वेळी ३५ दिवसांनी, परत २४ दिवसांनी, असं सात दिवस किंवा जास्त मागंपुढं व्हायला लागलं आणि ते परत परत होतंय, तर बदल सुरू झालाय. सलग ६० दिवस किंवा त्याहून जास्त पाळीच नाही असं झालं की शेवटचा टप्पा लागला, तिथून साधारण एक ते तीन वर्षं धरा. आणि सलग १२ महिने आली नाही की मग म्हणायचं पाळी गेली, म्हणजे ते मागं वळून बघूनच कळतं. अकराव्या महिन्यात आली तर मोजणी परत एकपासून.

वयाचं म्हणाल तर अमेरिका-युरोपात सरासरी ५१ च्या आसपास जाते, आपल्याकडं ४६-४७. हे लक्षात ठेवायचं कारण असं की त्रास त्याच्या तीन-चार वर्षं आधीपासून सुरू होतो, म्हणजे ४२-४३ ला, आणि तेव्हा आपल्याला वाटतं माझं कुठं एवढं वय झालंय, हे काहीतरी दुसरंच असणार. मग कुणी हार्टचा डॉक्टर गाठतं, कुणी जोतिषी. पंचेचाळीशीच्या पुढच्या बाईला हे ठरवायला सहसा एफएसएच नावाच्या हार्मोनची रक्त तपासणी लागत नाही, या काळात तो आकडा आज एक आणि पुढच्या महिन्यात दुसरा असतो, त्यामुळं त्यावर पैसे घालायच्या आधी डॉक्टरांना "याची गरज आहे का" विचारा. पण चाळिशीच्या आत पाळी थांबली तर मात्र वहीबिही राहू द्या, आधी डॉक्टरकडं जा, ते लवकर होणं वेगळं आणि त्याने हाडांना, हृदयाला धोका असतो, त्यावर उपचार घ्यावेच लागतात.

वहीत काय लिहायचं

डॉक्टर लोक या त्रासाला मोजायला एक तक्ता वापरतात, मेनोपॉज रेटिंग स्केल म्हणतात त्याला, जर्मनीत तयार झाला, ११ प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला ० ते ४ मार्क. आपण तोच घरी वापरू शकतो. वहीच्या पहिल्या पानावर एकाखाली एक लिहा: अंगातून वाफा आणि घाम, छातीत धडधड, झोप, मन उदास, चिडचिड, घाबरं होणं, थकवा आणि विसरभोळेपणा, शरीरसंबंधातली अडचण, लघवीचा त्रास, खाली कोरडेपणा, सांधे-स्नायू दुखणं. त्रास नाही तर ०, असह्य तर ४. दर रविवारी बसून मार्क द्यायचे आणि बेरीज करायची, जास्तीत जास्त ४४ होते. खाली कोरडेपणा लिहायला लाज वाटली तर "को" लिहा, वही कुणाच्या हातात पडेल म्हणून तो प्रश्न सोडू नका, बऱ्याच बायकांचा खरा त्रास तिथंच असतो आणि तोच कुणाला सांगितला जात नाही.

दुसऱ्या पानापासून रोजचं. माझ्या वहीतला एक दिवस जसाच्या तसा देते:

"मंगळवार. ६.४० चपात्या, खिडकी बंद होती, घाम ३. शाळेत दुपारी बरं. ५ ला आल्या आल्या कडक चहा, पाच मिनिटांत कान गरम, २. यांच्याशी गॅसच्या बिलावरून बोलाचाली, परत. जेवण १० ला, झणझणीत आमटी. १२.३० जाग, गाऊन बदलला. ३ ला परत. ५.३० ला उठले तेव्हा डोकं जड, पाय ओढत नाहीत."

एवढंच. किती वाजता, त्याच्या आधी काय केलं, किती मार्क. दोन आठवडे लिहिलं की मागं वळून वाचा. मला दिसलं ते असं की माझ्या वाफांपैकी निम्म्या ठरलेल्या जागी यायच्या: बंद स्वयंपाकघर, संध्याकाळचा चहा, उशिराचं तिखट जेवण. आणि सकाळचा थकवा मात्र वाफा आलेल्या दिवशी पण आणि न आलेल्या दिवशी पण सारखाच होता. याचा अर्थ थकव्याचं कारण दुसरंच काहीतरी होतं, ते पुढं सांगते.

वाफा आणि स्वयंपाकघर

हे असं होतं का ते समजून घेतलं की इलाज आपोआप सुचतात. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी एक जागा आहे, हायपोथॅलॅमस. एस्ट्रोजेन, म्हणजे पाळी जाताना जे हार्मोन कमी होतं ते, कमी झालं की ती जागा फार हळवी होते, आधी अंगाचं तापमान थोडं वरखाली झालं तर ती दुर्लक्ष करायची, आता जरासं वाढलं तरी तिला वाटतं माणूस तापला, आणि ती घाम सोडते, चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या मोठ्या करते, म्हणून लाल होतं, मग अंग गार पडतं आणि थंडी वाजते. हे सगळं एक ते पाच मिनिटांत. म्हणजे अंगाला बाहेरून मिळणारी थोडीशी उष्णता जरी कमी केली तरी फरक पडतो, आणि आपल्याकडं बाई दिवसातले चार-पाच तास गॅसपाशी उभी असते.

त्यामुळं करायचं काय, तर स्वयंपाक करताना खिडकी उघडी, एक्झॉस्ट असेल तर आधीपासून चालू, नसेल तर दाराबाहेर टेबलफॅन असा ठेवायचा की वारा पाठीवर येईल पण गॅस विझणार नाही. कणीक आदल्या रात्री मळून ठेवा, भाकऱ्या बसून थापता येत असतील तर बसून. नायलॉनचा गाऊन आणि सिंथेटिक साड्या कपाटात जाऊ द्या, कॉटन घाला, आणि गळ्याशी बंद ब्लाऊज नको. चहा सोडा असं मी म्हणणार नाही, मला जमलं नाही, पण बशीत ओतून निववून प्यायला लागले आणि संध्याकाळचा अर्धा कप केला. जेवण आठच्या आत. उशाशी पाण्याची बाटली आणि एक ओला रुमाल. हे सगळं केल्यावर माझे वाफांचे मार्क ३ वरून १-२ वर आले, पूर्ण गेल्या नाहीत.

आणि हे किती दिवस चालणार, तर अमेरिकेत हजारो बायकांना वर्षानुवर्षं धरून झालेला स्वान नावाचा अभ्यास आहे, त्यात या वाफा मध्यमानाने ७.४ वर्षं राहतात असं निघालं, म्हणजे निम्म्या बायकांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त. आपल्याला सगळे सांगतात वर्ष-दोन वर्षं काढा. सात वर्षं अंगावर काढायची गोष्ट नाहीये ही. त्याच अभ्यासात असंही दिसलं की ज्यांच्या वाफा पाळी चालू असतानाच सुरू होतात त्यांना त्या जास्त काळ राहतात, आणि ताणतणाव, चिंता, कमी शिक्षण, सिगारेट, वजन या गोष्टी जिथं जास्त तिथं त्रास जास्त.

रक्त, थायरॉईड आणि "वयाचा" थकवा

आता माझ्या थकव्याचं. मी एका डॉक्टरांना सांगितलं फार दमते, त्यांनी वय विचारलं, ४७ म्हटल्यावर "मेनोपॉज आहे, होतं असं" म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून दिल्या. कुठलीच तपासणी नाही. सहा महिने तशीच ओढले. मग वही घेऊन दुसरीकडं गेले, त्या बाईंनी दोन पानं चाळली आणि विचारलं पाळी कशी जाते, म्हटलं दोन महिन्यांनी येते पण आली की दहा दिवस, गाठी पडतात. त्यांनी लगेच हिमोग्लोबिन करायला सांगितलं. ८.९ आलं. बाईला १२ च्या वर पाहिजे. म्हणजे मी जो थकवा, धडधड, जिन्यावर लागणारी धाप पाळी जाण्याच्या खात्यावर टाकत होते त्यातलं निम्मं रक्त कमी असल्यामुळं होतं. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि रक्तस्राव का होतो त्याची सोनोग्राफी झाली, तीन महिन्यांत मी जिना न थांबता चढायला लागले.

म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे, थकव्याला ३-४ मार्क पडत असतील तर हिमोग्लोबिन, थायरॉईडचं टीएसएच, साखर, बी १२ आणि ड जीवनसत्त्व एवढं एकदा बघून घ्या. थायरॉईड वाढलं तर घाम आणि धडधड होते, कमी झालं तर वजन, उदासी, केस गळणं, हुबेहूब मेनोपॉजसारखं. रात्री घाम येतोय आणि सोबत बारीक ताप, खोकला, वजन उतरणं असेल तर टीबीची तपासणी करा. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर रात्रीचा घाम साखर एकदम खाली गेल्याचाही असू शकतो. लोहाची गोळी घेताना चहा आणि दूध दोन्ही लांब ठेवा, लिंबूपाण्याबरोबर किंवा आवळ्याबरोबर घ्या, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह नीट लागत नाही.

पिशवी काढली असेल किंवा काढा म्हणत असतील तर

यावर मला जास्त लिहायचंय, कारण जाऊबाईंचं मी बघितलंय. त्यांना पांढरं जायचं आणि कंबर दुखायची, त्यावर "पिशवी खराब आहे, पुढं कॅन्सर होईल" असं सांगून पिशवी काढली आणि सोबत दोन्ही अंडाशयंही. कुणी त्यांना सांगितलं नाही की अंडाशयं काढली की एस्ट्रोजेन एका दिवसात बंद होतं. नैसर्गिक पाळी जाताना शरीराला चार-पाच वर्षं मिळतात सवय व्हायला, इथं ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून सगळं एकदम. म्हणून त्यांच्या वाफा, झोप, रडू येणं सगळंच माझ्यापेक्षा कितीतरी जोरात होतं. नुसती पिशवी काढली आणि अंडाशयं ठेवली तरी पाळी जाण्याचं वय सरासरी थोडं अलीकडं येतं, फक्त पाळी नसल्यामुळं ते कळत नाही, लक्षणांवरूनच ओळखावं लागतं.

आणि हे एकट्या त्यांचं नाही. बीडच्या ऊसतोड बायकांचं २०१९ मध्ये सगळ्यांनी वाचलं असेल. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, एक दिवस कामाला नाही गेलं तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात, फडात ना संडास ना पाणी, पाळीत करायचं काय. मग पिशवीच काढून टाकायची, तिशीत, कधी त्याच्याही आधी. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ८२ हजारांच्या वर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. या बायका आता चाळिशीत आहेत आणि कंबर, सांधे, घाम, चक्कर घेऊन पुन्हा फडात उभ्या आहेत. त्यांच्या त्रासाचं मूळ हार्मोन म्हणायचं का खाडा म्हणायचा, मला तर खाडाच वाटतो. एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही गरज नसताना पिशवी काढणं थांबवायची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी लागू करावीत असा आदेश दिला.

तुम्हाला कुणी पिशवी काढा म्हटलं तर चार प्रश्न विचारा. नेमका आजार काय आहे, त्याचं नाव कागदावर लिहून द्या. गोळ्यांनी किंवा पिशवीत बसवायच्या हार्मोनच्या साधनाने भागेल का. अंडाशयं ठेवणार का काढणार, आणि काढणार तर का. ऑपरेशननंतर मला हार्मोनची गरज पडेल का. नुसतं पांढरं जाणं आणि कंबरदुखी एवढ्यावर कुणी पिशवी काढायला सांगत असेल तर फाईल उचला आणि जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत दुसरं मत घ्या. आणि चाळिशी-पंचेचाळिशीच्या आत अंडाशयं काढलेली असतील, तर आज कितीही वर्षं झाली असली तरी डॉक्टरांना ते सांगा, बऱ्याच जणी नुसतं "पिशवीचं ऑपरेशन झालंय" म्हणतात, डिस्चार्ज कार्ड शोधून काय काय काढलं ते वाचून घ्या.

मिश्री, वजन

सिगारेट ओढणाऱ्या बायकांची पाळी एक-दोन वर्षं आधी जाते आणि वाफा जास्त येतात. आपल्याकडं सिगारेट कमी पण मिश्री घरोघरी, सकाळी दात घासायचं म्हणून सुरू होतं आणि दिवसातून पाच वेळा बोट तोंडात जातं. ती पण तंबाखूच आहे, निकोटीन तेच, हिरड्या आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका तोच. एकदम सुटत नसेल तर वहीत रोज किती वेळा लावली ते लिहा, आणि १८००११२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी फुकट नंबर आहे, त्यावर बोला.

वजनाचं थोडक्यात. या काळात चरबी कमरेवरून पोटावर येते, खाणं तेच असलं तरी. पोटाचा घेर वाढला की वाफा, घोरणं, गुडघे, साखर सगळंच वाढतं. रोज अर्धा तास जोरात चालणं आणि आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम, म्हणजे खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहा-दहा वेळा, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. घरकाम होतं की माझं असं म्हणू नका, घरकामाने दमायला होतं पण हाडांवर हवा तसा भार पडत नाही.

हाडं महत्त्वाची, कारण पाळी गेल्यावर पहिल्या पाच-सात वर्षांत हाडं सगळ्यात झपाट्याने झिजतात. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, एक पेला दुधात दोनशे-अडीचशे. म्हणजे सकाळी नाचणीची आंबील, दुपारी वाटीभर दही, रात्री दूध आणि तिळाची चटणी असं जोडत गेलं तर बरंच जमतं. उन्हात जा, अकरा ते दोनच्या दरम्यान वीस मिनिटं हात आणि पाय उघडे, वाळवणं घालायची ती वेळच चांगली.

खालचा त्रास, जो कुणी बोलत नाही

वाफा काही वर्षांनी कमी होतात पण कोरडेपणा आपोआप कमी होत नाही, वाढत जातो. जळजळ, संबंधाच्या वेळी दुखणं, सारखी लघवीची घाई, शिंकलं की थेंब, परत परत लघवीचं इन्फेक्शन. नवऱ्याला वाटतं हिला आता नकोच आहे, हिला वाटतं कसं सांगू, आणि एका पलंगावर दोन माणसं पाठ करून झोपतात. साधं सांगायचं, "मला दुखतंय, तुमचा राग नाही." मेडिकलमध्ये पाण्याचं लुब्रिकंट मिळतं ते संबंधाच्या वेळी, खोबरेल तेलही चालतं पण कंडोम वापरत असाल तर तेल नको, कंडोम फाटतो. त्याने भागलं नाही तर डॉक्टर योनीत लावायचं एस्ट्रोजेनचं कमी ताकदीचं क्रीम देतात, ते रक्तात अगदी थोडं जातं आणि फार गुण येतो. ब्रेस्ट कॅन्सर झालेला असेल तर मात्र डॉक्टरांना आधी विचारून.

लघवीसाठी: खालचे स्नायू लघवी मधेच रोखल्यासारखे आवळायचे, पाच आकडे धरायचे, सोडायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, कुणाला दिसत पण नाही, बसमध्ये बसून पण होतं. दोन-तीन महिने नेटाने करा. आणि कामाच्या ठिकाणी संडास घाण आहे म्हणून पाणी न पिणं, हे आम्ही शिक्षिका, कंडक्टर ताई, पोलीस ताई सगळ्याच करतो, त्याने इन्फेक्शन वाढतात आणि उन्हाळ्यात चक्कर येते. आमच्या शाळेत आम्ही पाच जणींनी मिळून अर्ज दिला, कडी आणि बादली बसली, तेवढ्याने माझे लघवीचे मार्क एकाने उतरले. आणि हो, पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस जाणार नाहीत असं नाही, पन्नाशीच्या आत असाल तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर एक वर्ष काळजी घ्यायचीच.

मन, झोप आणि घर

ज्यांना बाळंतपणानंतर किंवा पाळीच्या आधी उदासी यायची त्यांना या काळात ती परत येण्याची शक्यता जास्त असते, त्यांनी पहिल्यापासूनच सावध राहावं. याच वयात पोरगं पुण्याला नाहीतर बेंगलोरला जातं, सासरे अंथरुणाला खिळतात, आईची दुसऱ्या डोळ्याची मोतीबिंदूची तारीख येते, मुलीची बारावी. मग चिडचिड हार्मोनची किती आणि पाच माणसांचं एकटीने करण्याची किती? वहीत चिडचिडीसमोर आधी काय झालं ते प्रामाणिकपणे लिहा. माझ्याकडं सलग तीन रविवार "पाहुणे" निघालं. तेव्हा मी यांना वही वाचायला दिली. बोलून जे वीस वर्षांत झालं नव्हतं ते त्या दोन पानांनी झालं, आता रविवारचा सकाळचा चहा-नाश्ता हे आणि मुलगा करतात, आणि मी साडेसातपर्यंत झोपते.

सासूबाईंना त्रास कमी का झाला याचाही मी विचार केलाय. त्यांच्या काळात पाळीत चार दिवस बाजूला बसावं लागायचं, सणाला, लग्नाला तारखा बघून गोळ्या घ्याव्या लागायच्या. पाळी गेली आणि त्या पंढरीच्या वारीला पायी जायला मोकळ्या झाल्या. काहीतरी मिळालं त्यांना त्यातून. आणि रोज चालणं, लवकर जेवणं, मैत्रिणींमध्ये भजनाला बसणं हेही होतंच. घाम त्यांनाही येत असणार, पण त्याचं ओझं वाटलं नाही.

दोन आठवड्यांच्या वर रोज उदास वाटतंय, कशातच मन लागत नाही, मरावंसं वाटतंय असं असेल तर १४४१६ ला फोन करा, टेलिमानस आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

हार्मोनच्या गोळ्या घ्यायच्या का

२००२ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास मधेच थांबवला, हार्मोनने ब्रेस्ट कॅन्सर वाढतो म्हणून, आणि जगभर बायका-डॉक्टर घाबरले ते अजून घाबरलेलेच आहेत. पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या. नंतर तीच माहिती वयाप्रमाणे तपासली तेव्हा दिसलं की साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर बहुतेक निरोगी बायकांना फायदा धोक्यापेक्षा जास्त आहे. वाफांवर याच्याइतकं गुणकारी दुसरं औषध नाही. पिशवी असेल तर एस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन घ्यावंच लागतं, नाहीतर पिशवीच्या आतल्या थराला कॅन्सरचा धोका. ब्रेस्ट कॅन्सर झालेला, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेली, हार्ट ॲटॅक-लकवा झालेला, लिव्हरचा आजार, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव, यांनी घ्यायचं नाही. त्यांच्यासाठी हार्मोन नसलेली औषधं आहेत, डिप्रेशनसाठी वापरतात त्यातलीच काही कमी डोसमध्ये वाफांवर चालतात, तेव्हा चिठ्ठीवर तसलं नाव दिसलं म्हणून "मला वेडी ठरवली" असं वाटून घेऊ नका. जडीबुटीवाल्याच्या बिननावाच्या पुड्या मात्र नकोत, आणि शतावरी वगैरे घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

डॉक्टरकडं जाताना वही घेऊन जा आणि बसल्या बसल्या पहिल्यांदा एवढंच सांगा: शेवटची पाळी कधी आली, एकूण मार्क किती, आणि सगळ्यात जास्त मार्क कशाला. ओपीडीत दोन-तीन मिनिटं मिळतात, "कसंतरीच होतं" म्हटलं की त्यात ती संपतात. आशाताईंना विचारून आरोग्य केंद्रात तिशीच्या पुढच्या बायकांची गर्भाशयमुखाची आणि स्तनाची तपासणी फुकट होते तीही त्याच फेरीत करून घ्या.

आणि एक गोष्ट वहीच्या पुठ्ठ्यावर लाल पेनने लिहून ठेवा. बारा महिने पाळी बंद झाल्यावर परत अंगावरून गेलं, एक डाग असला तरी, त्याच आठवड्यात डॉक्टर. आमच्या गल्लीतल्या एका काकूंना अठ्ठावन्नाव्या वर्षी डाग दिसला, त्यांना वाटलं उष्णता झाली, सब्जा पित राहिल्या चार महिने. सून हुशार निघाली, धुण्यात तिने बघितलं आणि काही न विचारता दुसऱ्या दिवशी रिक्षा बोलावली. पिशवीच्या आतल्या थराचा कॅन्सर होता, पहिल्या टप्प्यातला, ऑपरेशन झालं, आता काकू रोज सकाळी माझ्याबरोबर चालायला येतात.